टेबलाच्या पोटात कॉम्प्युटर बसवताना आधी हवेचा रस्ता आखा

कॉम्प्युटर पोटात घेतलेलं टेबल बनवायचं म्हटलं की बहुतेक सल्ले काचेपासून आणि रंगीत दिव्यांपासून सुरू होतात. या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटच्या. असं टेबल बहुतेक वेळा एकाच कारणानं फसतं. आत आलेली हवा कुठून कुठे जाणार, हे लाकूड कापण्याआधी कोणी ठरवलेलंच नसतं. सुतारकाम चोख, वायरी सुबक, काच लखलखीत, आणि तासाभरात ग्राफिक्स कार्डाचे फॅन कान किटवतात, अशी टेबलं मी कितीतरी पाहिली आहेत. म्हणून या लेखातला मोठा भाग हवेवर आहे. करवत, ड्रिल आणि गोंद वापरता येतो, कॉम्प्युटर सुटा करून जोडता येतो, एवढं मी धरून चालतो.

मापं

पहिलं माप मांडीचं घ्या. टेबलाची उंची साधारण ७४० मिमी असते आणि खुर्चीत बसल्यावर मांडीखातर जमिनीपासून ६४०–६५० मिमी मोकळं लागतं. म्हणजे जिथे पाय जातात तिथे टेबलाची जाडी फार तर ९०–१०० मिमी. इतक्या जाडीत चांगला कॉम्प्युटर श्वास घेऊ शकत नाही. ‘सपाट पेटी करा, सगळं त्यात आडवं बसवा’ हा सल्ला इथेच सोडून द्या. पुढचा निम्मा भाग पातळ ठेवा आणि मागच्या निम्म्यात खोल पेटी करा.

माझं नेहमीचं माप सांगतो: लांबी १६०० मिमी, पुढून मागे एकूण साधारण ८०० मिमी, त्यात मागची पेटी आतून पुढून मागे ४०० मिमी रुंद आणि वरून खाली १४० मिमी खोल. ४०० हा आकडा हिशोबानं आला आहे. एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या मोठ्या आकाराचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो. त्याची प्लगांची कड मागे केली की पुढून मागच्या मापात २४४ मिमी जातात. प्लग आणि त्यांचं वळण यासाठी मागे १०० मिमी लागतात. पुढच्या कडेला पॉवरची २४ पिनांची जाड केबल वळायला आणखी ४५ मिमी. झाले ३८९. प्लगांच्या मागची जागा ६०–७० मिमीवर आणण्याचा मोह होतो, तो आवरा. डिस्प्लेपोर्टची केबल ताठ असते आणि दाबून बसवली तर सगळा ताण सॉकेटवर येतो.

दोन कॉम्प्युटर ठेवायचे असतील तर दुसरा मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या बोर्डाचा घ्या. तो बोर्ड १७० × १७० मिमीचा असतो. दोन पूर्ण एटीएक्स बोर्ड आणि दोन मोठी ग्राफिक्स कार्डं १६०० मिमीत कोंबता येतात, पण मग हवेला जागा उरत नाही. दोघांमधली भिंत पेटीच्या बरोबर मधोमध घालू नका. मोठ्या कॉम्प्युटरला साधारण १००० मिमी द्या, उरलेलं छोट्याला.

सांगाडा

१८ मिमीचं प्लायवूड वापरा. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारला की तो फुटतो, आणि या कामात कडेत स्क्रू भरपूर मारावे लागतात. पाय स्टीलचे. आतल्या बाजूलाही पॉलिश किंवा रंग द्या, कारण कच्च्या प्लायचा भुसा महिनोन्‌महिने सुटत राहतो. सगळी भोकं पाडून, रंगवून, पुसून झाल्याशिवाय एकही इलेक्ट्रॉनिक भाग पेटीत आणू नका.

हवा

या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त दमवलं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त भंपक सल्ले मिळतात. ‘चार-पाच फॅन लावा, थंड राहील’ हा त्यातला सर्वात लोकप्रिय. फॅन किती यापेक्षा ते कुठे आहेत, हा प्रश्न मोठा.

आधी हिशोब. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. समजा भरात असताना तो ५०० वॅट घेतो. आत आलेली हवा बाहेर जाताना १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असं वाटत असेल, तर तासाला साधारण १५० घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. १२० मिमीचा साधा फॅन मोकळ्यावर तासाला ८०–१०० घनमीटर हवा हलवतो, पण पुढे फिल्टर आणि जाळी आली की निम्मीच धरा. म्हणजे हवा आत घेणारे तीन फॅन किमान, चार असले तर आवाज कमी, कारण ते सावकाश फिरवता येतात. छोट्या कॉम्प्युटरला हवा आत घेणारा एक आणि बाहेर टाकणारा एक फॅन पुरतो.

आता जागा. हवा नेहमी सोपा रस्ता धरते. आत घेणारा फॅन आणि बाहेर टाकणारा फॅन शेजारीशेजारी असतील, तर हवा एकातून येऊन दुसऱ्यातून जाईल आणि तापलेले भाग बाजूला तसेच तापत बसतील. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये ही चूक खपून जाते, कारण पेटी आखूड असते. मीटरभर लांब, १४० मिमी खोल पेटीत ती खपत नाही. तापणारे भाग दोन फॅनांच्या मध्ये आलेच पाहिजेत.

म्हणून माझी मांडणी अशी. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डात सरळ खोचायचं नाही. बोर्ड आडवा असताना कार्ड उभं राहतं आणि वर पॉवरची केबल वळवायला जागा धरली की पेटी १४० मिमीत मावत नाही. रायझर केबल (कार्ड बोर्डापासून लांब जोडणारी केबल) लावून कार्ड बोर्डाच्या शेजारी आडवं करा, त्याचे फॅन खाली, तळाच्या दिशेनं. हो, खाली. काचेतून मग कार्डाची फक्त पाठ दिसते आणि पुष्कळांना ते रुचत नाही. मला त्याबद्दल काहीच शंका नाही: फॅन काचेकडे ठेवले की कार्ड काचेखाली साचलेली गरम हवाच पुन्हा ओढतं. खाली तोंड केलं, तळ आणि कार्ड यांच्यात ४० मिमी अंतर सोडलं आणि तिथे तळाला जाळी दिली, की त्याला थेट खोलीतली हवा मिळते. हवा आत घेणारे दोन फॅन याच जाळीखाली, टेबलाच्या बाहेरच्या बाजूनं बसवा. तिसरा मदरबोर्डाच्या पुढच्या कडेजवळ.

बाहेर जाणारी हवा मागच्या भिंतीतून. प्रोसेसरसाठी बंद प्रकारचा लिक्विड कूलर (पंपानं द्रव फिरवून उष्णता रेडिएटरमधून बाहेर टाकणारा) घेत असाल तर त्याचा २४० मिमीचा रेडिएटर कार्डाच्या मागे, भिंतीला लावून उभा करा. त्याचे दोन फॅन हवा बाहेर टाकतील असे फिरवा. कार्डाची ऊब रेडिएटरमधून जाते म्हणून काही जण नाक मुरडतात. प्रोसेसर काही अंश जास्त दाखवतो, एवढंच होतं, आणि त्याच्या बदल्यात हवेचा रस्ता सरळ राहतो.

रेडिएटर तळाला आडवा टाकू नका. ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. कूलरच्या आत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर आडवा पडला की प्रोसेसरवर बसलेला पंप त्याच्याहून वर येतो, हवा पंपात शिरते, खुळखुळ आवाज सुरू होतो आणि पंपाचं आयुष्य घटतं. १२० मिमी उंचीचा उभा रेडिएटर पंपाच्या वर राहतो आणि प्रश्नच मिटतो.

दोन कॉम्प्युटरांमधली भिंत पूर्ण उंचीची हवी, काचेला टेकणारी. केबलसाठी तिला पाडलेली भोकं फोमनं किंवा ब्रशच्या पट्टीनं बंद करा. ‘छोट्याची हवा मोठ्याला मिळू दे’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मिळते ती गरम हवा. पॉवर सप्लायही या रस्त्यात आणू नका. त्याला तळाला स्वतःचं भोक द्या, मागे स्वतःची जाळी द्या. त्याचा फॅन तेवढ्यापुरता समर्थ असतो.

आता टेबलाच्या बाहेरची बाजू, जिच्याकडे कोणी बघत नाही. टेबल भिंतीला चिकटवलं की मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटते आणि पसरते. त्यातली काही खाली वळून टेबलाखाली येते, तिथून तळाचे फॅन तिला पुन्हा आत ओढतात. पेटीच्या आत सगळं बिनचूक असूनही तापमान चढत राहतं ते यामुळे, आणि मग माणूस आतच फॅन वाढवत बसतो. दोन उपाय करा आणि दोन्ही करा. टेबल भिंतीपासून निदान १०० मिमी पुढे ठेवा. आणि पेटीच्या मागच्या खालच्या कडेला, पूर्ण लांबीची, ५०–६० मिमी खाली लोंबणारी एक फळी मारा. ही साधी फळी गरम हवेची परतीची वाट अडवते. मी ती आता आराखड्यातच काढतो.

काच बसवण्याआधी चाचणी. झाकण उघडं ठेवून घेतलेल्या तापमानाला काडीचीही किंमत नाही, तरी लोक तेच आकडे अभिमानानं दाखवतात. काचेच्या मापाचं प्लाय किंवा जाड पुठ्ठा वर ठेवा, कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि तासभर पूर्ण भार द्या. कार्ड जिथून हवा घेतं तिथे, तळाच्या जाळीजवळ एक थर्मामीटर लावा आणि दुसरा खोलीत, टेबलापासून लांब. दोघांत दोन-तीन अंशांचा फरक असेल तर उत्तम. पाच-सहाच्या वर गेला तर गरम हवा कुठून तरी परत येते आहे. टिश्यू पेपरची पातळ पट्टी हातात धरून प्रत्येक सांधा, प्रत्येक भोक, प्रत्येक जाळी तपासा. पट्टी जिथे नको तिथे हलली, तिथे गळती. ती बंद करा आणि पुन्हा तासभर चालवा. फरक खाली येईपर्यंत काचेची ऑर्डर देऊ नका.

बोर्ड, वायरी आणि वीज

मदरबोर्ड थेट लाकडावर बसवू नका. २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, त्यावर ६.५ मिमी उंचीचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) लावा आणि पत्रा एका वायरनं पॉवर सप्लायच्या धातूच्या अंगाशी जोडा. लोखंडी कॅबिनेटमध्ये अर्थिंग आपोआप मिळतं, लाकडात ते तुम्हाला द्यावं लागतं. पत्रा चार स्क्रूंवर ठेवला की दुरुस्तीच्या वेळी बोर्ड अख्खाच्या अख्खा उचलता येतो.

रायझर केबल बोर्डाच्या पिढीची घ्या. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची केबल चौथ्या पिढीच्या बोर्डावर लावली तर पडदा काळा राहू शकतो किंवा कॉम्प्युटर अधूनमधून बंद पडू शकतो. हाती तीच केबल असेल तर बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर बांधून ठेवा. नव्या कार्डांचा १६ पिनांचा पॉवर कनेक्टर पूर्ण आत बसल्याची खात्री करा आणि त्याच्यापासून ३५ मिमीच्या आत केबल वाकवू नका. पेटीच्या खोलीत हे वळण आधीच मोजा.

चालू करण्याचं बटण म्हणजे दोन पिना आणि दाबून सोडायचा कुठलाही स्विच. दोन वायरी लांबवा, पुढच्या कडेला बसवा. वाय-फायचे अँटेना पेटीच्या बाहेर.

एक्स्टेंशन बोर्ड पेटीत ठेवू नका. तो टेबलाखाली पक्का करा, म्हणजे टेबलातून बाहेर एकच वायर जाईल. तिला बाहेर पडताना क्लॅम्प द्या, कोणाचा पाय अडकला तरी आतला प्लग ओढला जाऊ नये. मेन्सच्या वायरी कापून जोडायची वेळ आली तर ते काम इलेक्ट्रिशियनचं.

काच

काच फक्त मागच्या पेटीवर. पुढे, जिथे हात आणि माउस असतात, तिथे लाकूडच हवं, कारण पारदर्शक काचेवर बहुतेक ऑप्टिकल माउस चालत नाहीत. मागच्या कडेला ७०–८० मिमी रुंद लाकडी पट्टी ठेवा. ती प्लग झाकते आणि मॉनिटरच्या हाताचा क्लॅम्प तिच्यावर बसतो. काचेवर क्लॅम्प लावायचा नाही.

८ मिमीची टफन्ड काच घ्या. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो असतं, त्यामुळे साधारण १५६० × ३३० मिमीचा तुकडा १० किलोच्या आसपास भरतो आणि दोन्ही हातांनी उचलता येतो. अख्ख्या टेबलावर काच घातली तर हेच वजन पंचवीस किलोच्या वर जातं, मग साधा फिल्टर बदलायलाही दुसरा माणूस लागतो. टफन्ड केल्यावर काचेला भोक पाडता येत नाही की कडा घासता येत नाही. म्हणून पेटी पूर्ण झाल्यावर, खऱ्या पेटीवर माप घ्या, लांबी-रुंदीत २–३ मिमी सोडा आणि कडा गोल करून मागा. टेकायला १२ मिमीची खाच, खाचेत फोमची पट्टी. फोम काचेला आधार देतो आणि हवेची गळतीही थांबवतो.

फिल्टर चुंबकाचे घ्या, तळाच्या फॅनांना बाहेरून चिकटणारे, म्हणजे काच न उचलता खाली वाकून काढता येतात. महिन्यातून एकदा झटका. थर्मामीटर जाळीजवळ कायमचा राहू द्या. त्याचा फरक वाढला तर आधी फिल्टर बघा, मग टेबल भिंतीकडे सरकलं आहे का ते बघा.