गाडी नेमकी कधी गरम होते, ते आधी सांगा

बीडहून सोलापूरच्या अंगाला निघालं की पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी त्या चढाला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यातल्या बऱ्याच टोचन करून माझ्या गॅरेजवर येतात. मालक उतरतो आणि म्हणतो, "रेडिएटर गेलाय बघा." मी त्याला आधी पाण्याचा तांब्या देतो आणि विचारतो, "मामा, गाडी गरम कधी होते? उभी असताना, पळताना, का चढाला?" अर्धं निदान त्या उत्तरात असतं. नट खोलायचं काम नंतरचं.

त्याआधी जिवाचं सांगतो. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला की एसी बंद करा, हीटर फुल्ल सोडा आणि जागा बघून गाडी बाजूला घ्या. मे महिन्यात हीटर लावणं जिवावर येतं, पण हीटरची छोटी जाळी इंजिनचीच उष्णता ओढून घेते. थांबल्यावर इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. माझ्याकडं काम शिकणाऱ्या एका पोरानं घाईत झाकण फिरवलं आणि कोपरापर्यंत भाजला. आत दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल होताच ते कारंज्यासारखं उडतं. पाऊण तास जाऊ द्या. वरचा होज पाइप हाताला सोसवला, की जाड फडकं टाकून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जातो.

आता उत्तराकडं येऊ. ट्रॅफिकमध्ये, टोल नाक्यावर उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर घ्या. पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंखाच वारा देतो. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत लगेच पंखा फिरायला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं बघा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर एरवी फिरत नाही, तर टेंपरेचर सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. हात मात्र लांब ठेवा, काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो.

उलटं असेल, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला किंवा चढाला गरम, तर पाणी नीट फिरत नाही किंवा जाळी चोंदली आहे. इथं मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. मागं परळीकडून एक मामा आले होते. पाणी फिरवणारा पंप बदलला, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडं सोडणारी झडप) बदलला, तरी गाडी गरमच. समोरून जाळी लख्ख दिसत होती. पण समोर दिसते ती एसीची जाळी, रेडिएटर तिच्या मागं असतो. दोन्हींच्या मधे टॉर्च मारला, तर कापसाचे तंतू, उसाच्या पाचटाचा भुगा आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर बसलेला. त्यांची गाडी रोज कापसाच्या जिनिंगवर उभी असायची. वरचे क्लॅम्प सोडून रेडिएटर थोडा मागं ओढला, इंजिनच्या बाजूनं पुढं असं साध्या नळीनं पाणी मारलं. एक घमेलं भरून घाण निघाली, आणि गाडी त्याच दिवशी घाट चढली. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मात्र जाळीवर मारू नका, नाजूक पत्र्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

दुसरं आपल्याकडचं दुखणं बोअरचं पाणी. ज्या घरात पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तसाच थर धरतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात लोकांनी मिळेल ते टँकरचं पाणी गाडीत ओतलं. पुढं कितीतरी रेडिएटर मी खोलले, नळ्या खडूसारख्या भरलेल्या. रस्त्यात अडलात तर कुठलंही पाणी घाला, गाडी घरी आणा. पण नंतर ते काढून अर्धं कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव), अर्धं डिस्टिल्ड वॉटर भराच. नळ्या चोंदल्यात का हे बघायला गरम रेडिएटर इंजिन बंद करून चाचपा, पंख्यापासून हात लांब ठेवून. मधेच एखादा पट्टा गार लागला, तर तिथून पाणी जात नाही.

थंड गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढला, वरचा पाइप कढत आणि खालचा गारच, तर बहुतेक थर्मोस्टॅट उघडत नाही. तो काढा, दोऱ्यानं पातेल्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका, पाणी तापवा. त्यावर अंश छापलेले असतात, साधारण 82 ते 88. पाणी उकळेपर्यंत तो पुरता उघडला नाही, तर नवा टाका. "काढूनच टाका ना" हा सल्ला आपल्याकडं सर्रास मिळतो, मला तो अजिबात पटत नाही. इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर सोडून आतल्या आतच फिरतं, म्हणजे गाडी आणखी तापते.

पाणी कमी होतंय पण खाली थेंब दिसत नाही, तेव्हा आधी स्वस्तातलं बघा: झाकण. त्याचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. पंपाखालच्या बारीक भोकाभोवती कूलंटचा वाळलेला डाग असेल, तर पंपाचं सील गेलंय.

ते सगळं ठीक निघालं, तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि इंजिनच्या मधल्या सीलची, शंका. सकाळी थंड इंजिनला झाकण उघडून पाणी काठोकाठ भरा आणि सुरू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असतात. पण बुडबुडे थांबतच नाहीत, किंवा झाकण लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर गाडी सुरूच करू नका, टोचन करा. "गावापर्यंत नेतो, मग बघू" म्हणणाऱ्यांची हेडं वाकतात आणि गॅस्केटच्या पैशात भागणारं काम इंजिन खोलण्यावर जातं.

काहीही दुरुस्त केलं, तरी शेवटी हवा काढा. पुढची चाकं चढाला लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, हीटर फुल्ल, झाकण उघडं, थंड इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घालत राहा, मग झाकण लावा. पंखा आपोआप सुरू होऊन बंद होणं दोनदा बघा. तोवर मी गाडीची चावी मालकाच्या हातात देत नाही.