जॉब भट्टीत वाकतो, पण कारण बरेचदा आधीचं असतं

हीट ट्रीटमेंटमध्ये नवीन असाल तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: हार्डनिंगला (तापवून, तेलात बुडवून कडक करायला) जाणारा प्रत्येक लांब जॉब व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवा, वर डायल गेज लावून जॉब फिरवा आणि रीडिंग लिहून ठेवा. ते नसेल तर शाफ्ट भट्टीत वाकला की वाकडाच आला, हा वाद मिटत नाही.

माप वाढणं वेगळं आणि वाकणं वेगळं. ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादाची आतली रचना) मार्टेन्साइट (झटकन थंड केल्यावर होणारी कडक रचना) होताना घनफळ साधारण 4 टक्क्यांपर्यंत वाढतं. तापताना ऑस्टेनाइट होतेवेळी पोलाद आक्रसलेलं असतं, म्हणून शेवटी उरणारी वाढ बरीच कमी भरते. ती टळत नाही. ग्राइंडिंग अलाऊन्समध्ये (शेवटी घासून काढायला ठेवलेल्या जादा मापात) धरायची.

वाकणं येतं ते असमानतेतून. ईएन 24 चा (निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) लांब शाफ्ट घ्या, एका बाजूला की-वे (की बसवायची लांब खाच) कापलेला. 830–850 अंशांवरून तेलात बुडवला की खाचेची बाजू आणि भरीव बाजू वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, मार्टेन्साइटही दोन्हीकडे एका वेळी होत नाही. हार्डनेस 30 एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) आसपासच हवा असेल तर की-वे टेम्परिंगनंतर (कडक जॉब पुन्हा कमी तापमानाला तापवून ठिसूळपणा कमी केल्यावर) कापा, अर्धा त्रास तिथेच संपतो.

बार थंड अवस्थेत सरळ केलेला असेल किंवा टर्निंगला एकाच बाजूने जास्त मटेरियल काढलं असेल, तर आतला ताण तापतानाच सुटतो. क्वेंचिंगपर्यंत (तेलात बुडवेपर्यंत) थांबत नाही. त्यासाठी रफ मशीनिंगनंतर 550–650 अंशांवर स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतला ताण काढणं) करा, दर 25 मिमी जाडीला एक तास, आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्या. मटेरियल आधीच टेम्पर केलेलं असेल तर टेम्परिंगच्या तापमानाच्या खालीच राहा, नाहीतर हार्डनेस उतरतो.

शाफ्ट आडवा ठेवला तर तापलेल्या अवस्थेत स्वतःच्या वजनाने झोळ खातो. म्हणून उभा टांगा, उभाच बुडवा, वर-खाली हलवा. आडवा हलवलात तर तेल कापणारी बाजू आधी थंड होते.

टेम्परिंग उद्यावर टाकू नका; जॉब 50–60 अंशांवर आला की लगेच चढवा, नाहीतर तडा जाण्याची भीती. प्रेसवर सरळ करायचा तो टेम्परिंगनंतरच, आणि त्यावर पुन्हा टेम्परिंगपेक्षा 20–30 अंश कमी तापमानाला स्ट्रेस रिलीव्ह हवंच. ही पायरी गाळली की ग्राइंडिंगला वरचा थर निघताच शाफ्ट परत वाकतो, आणि दोष बिचाऱ्या ग्राइंडरवाल्यावर येतो.