झुलत्या पुलाची केबल तपासायला निघताना

नाशिक जिल्ह्यातला वायर रोपवर टांगलेला पायपूल तपासायचा तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. पाऊस ओसरलेला असतो, पण खाचाखोचांत मुरलेलं पाणी अजून वाळलेलं नसतं, आणि पाणी कुठे थांबतं तेच तर शोधायचं आहे. मे महिन्यात तीच केबल कोरडी ठणठणीत दिसते.

पूल बंद ठेवण्याची लेखी परवानगी, दोन्ही टोकांना बॅरिकेड आणि प्रत्येक टोकाला एक माणूस, हे आदल्या दिवशीच ठरवून टाका. कागदांत मूळ नकाशा, मागच्या पाहणीचे फोटो आणि रोपचं टेस्ट सर्टिफिकेट हवं. सर्टिफिकेट नसेल तर नुसत्या व्यासावरून ताकद ठरवू नका. एकाच जाडीच्या रोपमध्ये गाभा तागाचा की पोलादाचा यावर ब्रेकिंग लोड, म्हणजे रोप तुटतो तो भार, बदलतो.

पिशवीत व्हर्नियर, ०.०१ मिमीपर्यंत वाचणारा मायक्रोमीटर, दहापट भिंग, छोटा आरसा, टॉर्च, पितळी ब्रश, केरोसीन, कॉटन वेस्ट, चामडी हातमोजे, टॉर्क रेंच आणि एक टनाची चेन पुली. हार्नेसचा दोर स्वतंत्र लाइफलाइनला अडकवायचा. जी केबल तपासतोय तिच्यावरच जीव टांगणारे लोक असतात, म्हणून हे लिहावं लागतं.

व्यास मोजताना व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या लडींच्या (तारा पिळून केलेली जुडी म्हणजे लड, लडी वळून होतो रोप) उंचवट्यांवर टेकवा, दोन लडींच्या सपाटीवर नाही. काटकोनात दोन मापं घ्या. तुटक्या तारा मोजायला ‘ले’ची लांबी लागते, म्हणजे एक लड रोपभोवती पूर्ण वळसा घालते तेवढं अंतर. ३२ मिमीच्या सहा लडींच्या रोपमध्ये ते साधारण २०० मिमी भरतं. रोपवर कागद गुंडाळून वरून कार्बन पेपर घासला की ठसे मोजता येतात. उंचवट्यावर तुटलेली तार झिजेची असू शकते. दोन लडींमधल्या घळीत तुटलेली दिसली तर आत आणखी तुटल्यात असं धरून चला.

खरं दुखणं मात्र उघड्या केबलवर क्वचितच असतं. ते क्लॅम्पखाली, सॉकेटच्या (केबलचं टोक पक्कं बसवलेली पोलादी वाटी) गळ्याशी आणि अँकरपाशी (केबल काठाला जखडलेली जागा) असतं. ताठ सॉकेटमधून तार बाहेर पडते तिथेच चालणाऱ्यांच्या हेलकाव्याने ती रोज वाकते, आणि तोंड वर असलेल्या सॉकेटमध्ये पाणी साचतं. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, तिथून तडा सुरू होतो; ओल असेल तर कमी ताणातही तो पुढे सरकतो. क्लॅम्पच्या कडेला वीटकरी बारीक भुकटी दिसली तर तारा एकमेकींवर घासतायत. क्लॅम्प एका वेळी एकच उघडा, तोही हँगरचा (केबलपासून खाली पुलाला धरणारा दांडा) भार चेन पुलीवर घेऊन. अँकर पूररेषेखाली असेल तर गाळ उकरून बघायला फावडं न्या. गंगापूर धरणाच्या विसर्गाचं पाणी कुठवर चढलं ते नाशिककर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, तशी एखादी खूण अँकरच्या भिंतीवरही रंगवून ठेवा.

ताजा रंग दिसला की जास्त संशय घ्या. गुजरातमधला मोरबीचा झुलता पूल डागडुजीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला खुला झाला आणि ३० ला पडला. चौकशीत एका मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या आढळल्या, त्या दुर्घटनेआधीच तुटल्या असाव्यात असं पथकाचं म्हणणं होतं. रंग खरवडायची परवानगी आधीच मागून ठेवा.

तुटलेल्या तारेचं टोक म्हणजे पुरावा. त्याला ब्रश लावू नका, दोन टोकं जुळवून बघू नका. जुळवताना पृष्ठ घासलं जातं. भिंगाखाली मान बारीक होऊन तुटलेली तार जास्त भाराने गेलेली असते. मान बारीक न होता आडवा, एका बाजूला अर्धचंद्रासारखा गुळगुळीत भाग असेल तर फटीग, म्हणजे वारंवार वाकून तडा वाढत गेलेला. पृष्ठावर गंज असेल तर तुटून दिवस झालेत, चकचकीत असेल तर ताजं. नमुना कापायचा तर डिझायनरच्या संमतीने, तुटीपासून निदान ५० मिमी सोडून, हॅक्सॉने. ग्राइंडर आणि गॅस कटरच्या उष्णतेने पोलादाची जात बदलते. कापण्याआधी तारेची वरची बाजू मार्करने दाखवा, कोरड्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. लॅबमध्ये उरलेला व्यास सगळीकडे मोजून घ्या: २ मिमीची तार १.९ झाली की नजरेला काही कळत नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ दहा टक्के गेलेलं असतं.

परत बंद करताना ग्रीस किंवा रंग दव उडाल्यावरच लावा, पोलाद दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं ते) किमान ३ अंश गरम हवं. यू-बोल्ट क्लॅम्पचं खोगीर, म्हणजे रोप बसतो तो खाचेचा तुकडा, भाराच्या बाजूला, यू मोकळ्या टोकावर. भार आल्यावर रोप थोडा बारीक होतो आणि नट सैल पडतात, म्हणून टॉर्क रेंच घेऊन आठवड्याभरात पुन्हा एक फेरी मारायची, त्याची तारीख आजच वहीत लिहा.