स्पोर्ट्स कार घ्यायचीय आणि अॅव्हरेज पण हवंय? मग आधी वजन बघा

स्पोर्ट्स कार बघायला गेलं की सगळे पहिल्यांदा एचपी विचारतात. मी म्हणतो आधी वजन विचारा, कारण १८०० किलोच्या गाडीत ३०० एचपी आणि १०६० किलोच्या गाडीत १८० एचपी, दोन्हीचा हिशोब टनामागे १७० एचपीच्या आसपासच येतो, म्हणजे पिकअप साधारण सारखाच, पण जड गाडी प्रत्येक सिग्नलला तेवढं लोखंड परत ओढणार आणि ब्रेक मारला की सगळं वाया. हलकी गाडी पळते पण आणि कमी पण पिते.

माझदा एमएक्स-५ घ्या. २ लिटरचं इंजिन, टर्बो नाही, १८१ एचपी, वजन जेमतेम १०५०-११०० किलो. ईपीए या अमेरिकन सरकारी संस्थेचे आकडे शहरात २६ आणि हायवेला ३४ एमपीजी, म्हणजे एका गॅलनला तेवढे मैल. अमेरिकन एमपीजीला ०.४२५ ने गुणलं की किलोमीटर पर लिटर मिळतं, म्हणजे ११ आणि १४.५. मजा करायची गाडी म्हणून हे खरंच भारी आहे. ब्रिटिश साइटवरचा एमपीजी असेल तर ०.३५४ ने गुणा, त्यांचा गॅलन मोठा असतो, उगाच खूश होऊ नका :) आणि युरोपात लिटर पर १०० किमी लिहितात, तिथे १०० ला त्या आकड्याने भागायचं.

आता टर्बो. इथे मी स्वतः फसलोय. एक सेकंडहँड टर्बो कूपे घेतली, कागदावर १४, माझ्या पायाखाली ९! गाडीत बिघाड काहीच नव्हता, अॅव्हरेज मोजायच्या टेस्टमध्ये गाडी हळूहळू चालवतात, तेव्हा बूस्ट, म्हणजे टर्बोचा जोर, फारसा लागतच नाही आणि छोटं इंजिन छोट्यासारखंच पितं. पण आपण एक्सलेटर दाबला की टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या हिशोबाने पेट्रोल पण जास्त जातं, वर खूप लोड आला की इंजिन थंड ठेवायला अजून थोडं जास्तीचं सोडलं जातं. त्यामुळे टर्बो वाईट असं नाही, पण तुमचा पाय जड असेल तर कागदावरच्या आकड्याचा भरवसा धरू नका.

गिअरबॉक्सकडे तर कोणी बघतच नाही. २०२२ ची टोयोटा जीआर८६, तेच २.४ लिटर इंजिन, मॅन्युअलला हायवेवर २७ एमपीजी आणि ऑटोमॅटिकला ३१. मॅन्युअल म्हणजे जास्त अॅव्हरेज हे आता विसरा. टेस्ट ड्राइव्हला टॉप गिअरमध्ये १०० च्या स्पीडला आरपीएम किती दिसतो ते बघून ठेवा, जेवढा कमी तेवढं लांबच्या प्रवासात बरं. मी तरी मॅन्युअलच घेईन, पण ते प्रेम आहे, हिशोब नाही.

हवेचं पण लक्षात ठेवा. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १४० वर गेलात की जवळजवळ दुप्पट, त्यात मागे मोठा विंग लावलेला असेल तर अजून. रुंद चिकट टायर पण पितात. ट्रॅकवर कधी जाणारच नसाल तर तो मोठ्या चाकांचा पॅक सोडून द्या, राइडपण मऊ राहते.

मोठंच इंजिन हवं असेल तर सिलिंडर बंद होणारी सिस्टिम आहे का विचारा, कॉर्व्हेट सी८ स्टिंगरेची व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची, कमी लोडवर चारच सिलिंडरवर चालते. हायब्रिडचा फायदा थांबत-थांबत जाणाऱ्या रस्त्यावर जास्त, सरळ हायवेवर बॅटरीचं वजन नुसतं वाहायचं असतं.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकच राउंड मारून परत येऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा, अर्धा वेळ रोज चालवता तशी चालवा, आकडा बघा, परत शून्य करा आणि मग मनसोक्त दाबा. त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी तुमचं खरं अॅव्हरेज येणार. गाडी परत द्यायच्या आधी पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर पण वाचा, कुठल्या ऑक्टेनचं (ग्रेडचं) पेट्रोल लागतं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि महागडं प्रीमियमच लागत असेल तर पैशाचा हिशोब परत पहिल्यापासून मांडायला लागतो.