सल्फाइड न घालताच पेशी चमकत होत्या, त्याचा माझा अनुभव

जिवंत हेला पेशींमधला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) हायड्रोजन सल्फाइड बघायला आम्ही ७-ॲझिडो-४-मिथिलकूमारिन हा प्रोब, म्हणजे सल्फाइड दाखवणारा रेणू, वापरतो. सल्फाइडने त्यातल्या ॲझाइडचं (तीन नायट्रोजनच्या गटाचं) अमाइन (एका नायट्रोजनचा गट) केलं की निळी चमक येते. पण आमची सल्फाइड न घातलेली कंट्रोल डिशसुद्धा चमकायची, आणि जितकं जास्त बघत बसावं तितकी जास्त!

पहिला संशय अर्थातच ग्लुटाथायोनवर: पेशीतलं हे गंधकयुक्त संयुगही प्रोब चमकवत असेल, असं वाटलं. पेशीत ते मिलिमोलर प्रमाणात, सल्फाइड त्याच्यापुढे अगदीच नगण्य. पण स्टेज थोडं सरकवल्यावर दिसलं की सूक्ष्मदर्शकाचा अतिनील दिवा पडलेला गोल तेवढा उजळ आहे, शेजारच्या पेशी काळ्याच. मग पेशी नसलेल्या, नुसत्या बफर द्रावणातल्या प्रोबच्या दोन नळ्या घेतल्या: फॉइल गुंडाळलेली शांत, अतिनील दिव्याखालची निळी. प्रकाशानेच ॲझाइड फुटत होतं.

आता फोकस साध्या प्रकाशात, लाल फिल्टर लावून करते. अतिनील शटर फक्त फोटोपुरतं उघडायचं, दरवेळी नवी जागा घ्यायची आणि कंट्रोललाही तेवढंच एक्स्पोजर द्यायचं. कंट्रोल काळा राहायला लागला.

पेशींवर घालायचं सोडियम सल्फाइडचं द्रावण मात्र रोज ताजं, नायट्रोजन सोडलेल्या पाण्यात बनवावं. ७.४ पीएचला सल्फाइडचा साधारण पाव हिस्सा विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात असतो, तो उघड्या डिशमधून निसटतो. फ्यूमहूडमध्येच (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) काम करा. सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही, नाकच बधिर होतं.