चराऊ कुरणाचे परिस्थितिकीय आरोग्य जागेवर कसे तपासावे

हिरवेगार दिसणारे प्रत्येक कुरण निरोगी असतेच असे नाही. चांगला पाऊस पडून गेल्यावर, वरची माती केव्हाच गमावून बसलेली जमीनसुद्धा वर्षायू (एकाच हंगामात उगवून मरणाऱ्या) तणांनी झाकली जाते आणि पाहणाऱ्याची फसगत होते. उलट कोरड्या हंगामाच्या अखेरीस करडे, वाळलेले दिसणारे कुरण आतून धडधाकट असू शकते. म्हणून पाहणी करणाऱ्याने रंगावर विसंबू नये आणि जनावरांना आज किती चारा मिळेल हा प्रश्नही काही काळ बाजूला ठेवावा. तपासायच्या गोष्टी तीन आहेत: जमीन आपली माती धरून ठेवते का, पडलेले पाणी मुरवून घेते का, आणि तिथला वनस्पतिसमूह दुष्काळ, वणवा किंवा चराई यांचा ताण सोसून पुन्हा सावरू शकतो का. अमेरिकेतील संघराज्य सरकारच्या संस्था जी पद्धत वापरतात ती याच तीन पैलूंवर उभी आहे. तिच्यात १७ निर्देशक (जागेवर तपासायच्या ठरावीक खुणा) असून तिची पाचवी आवृत्ती २०२० मध्ये आली. ऑस्ट्रेलियात डेव्हिड टाँगवे यांनी विकसित केलेली पद्धत मातीच्या पृष्ठभागाच्या निरीक्षणांवर अधिक भर देते. खालील विवेचन मुख्यतः पहिल्या पद्धतीला धरून आहे.

तुलना कशाशी करायची

कोणतेही निरीक्षण स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. ४० टक्के उघडी जमीन एखाद्या शुष्क, रेताड पट्ट्यात अगदी स्वाभाविक असेल, तर ओलसर हवामानातील खोल मातीच्या कुरणात तीच गंभीर ऱ्हासाची खूण ठरेल. त्यामुळे सर्वांत आधी हे ठरवावे लागते की ही माती, हा उतार आणि हे हवामान असलेली जागा सुस्थितीत असती तर कशी दिसली असती. असे संदर्भवर्णन तयार असेल तर ते सोबत न्यावे. नसेल तर तशीच माती आणि तसाच उतार असलेली, कमी बिघडलेली जागा शोधून प्रत्येक निर्देशकासाठी तिचे वर्णन आधी लिहून काढावे. या वर्णनात एकच आकडा न देता मर्यादा द्यावी, कारण पावसाच्या चढउतारांमुळे निरोगी कुरणही दरवर्षी सारखे दिसत नाही. हे काम कंटाळवाणे वाटते आणि बहुतेक पाहण्या इथेच घसरतात. संदर्भ पक्का नसेल तर पुढची सगळी मेहनत म्हणजे पाहणाऱ्याची आवडनिवड ठरते.

पाहणीची जागा किमान अर्धा ते एक एकर असावी आणि तिच्यात एकाच प्रकारची माती असावी. त्याची खातरजमा करण्यासाठी खड्डा खणून मातीचा पोत, खोली आणि थर पाहावेत. वरून दिसणाऱ्या झाडोऱ्यावरून मातीचा प्रकार ठरवणे धोक्याचे असते. पाण्याच्या जागेभोवती जनावरांची वर्दळ सर्वाधिक असते आणि दूर जावे तसा तिचा परिणाम ओसरत जातो, म्हणून हौदाजवळची, रस्त्यालगतची किंवा कुंपणाला चिकटलेली जागा संपूर्ण कुरणाचे प्रतिनिधित्व करत नाही.

आधी माती

जागेवर पोहोचल्यावर प्रथम खाली पाहावे. पाणी कुठून कसे वाहून गेले हे काडीकचऱ्याच्या रांगा, वाळूचे छोटे पट्टे आणि गवताच्या ठोंबांमागे अडकलेला पाचोळा यांवरून वाचता येते. हे प्रवाहमार्ग आखूड, तुटक आणि वळणावळणाचे असतील तर गवत पाण्याला अडवत आहे; ते लांब होऊन एकमेकांना जोडले गेले असतील तर पाणी वेग घेऊन माती घेऊन जात आहे. सालकाढी धूप, म्हणजे मातीचा पातळ थर सगळीकडून सारखा निघून जाणे, सहसा डोळ्यांना दिसत नाही, तिच्या खुणा शोधाव्या लागतात. ठोंबे मातीच्या उंचवट्यावर बसल्यासारखी दिसणे, त्यांची मुळे उघडी पडणे, दगडावर शेवाळ-दगडफुलाची रेघ सध्याच्या मातीच्या पातळीपेक्षा बरीच वर असणे, या त्या खुणा होत. मात्र उंचवट्यावरचे प्रत्येक ठोंब धुपेचा पुरावा नसते: वाऱ्याने आणलेली माती ठोंबाभोवती साचूनही उंचवटा होतो आणि थंड प्रदेशात मातीतले पाणी गोठल्याने ठोंबे वर उचलली जातात. मुळे उघडी आहेत की मातीत गाडलेली, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

ओघळपाडी आणि घळपाडी धूप ओळखणे सोपे आहे, पण ती आजची आहे की जुनी हे ठरवण्यात कस लागतो. घळीच्या तळाशी आणि काठांवर बहुवर्षायू झाडोरा स्थिरावला असेल, काठ बोथट झाले असतील आणि घळीच्या माथ्याशी ताजी कोसळलेली माती नसेल, तर घळ भरून येण्याच्या वाटेवर आहे. अशी घळ आणि काठ उभे, धारदार, मुळे लोंबकळत असलेली घळ यांना एकाच तराजूत तोलणे चूक आहे.

उघड्या जमिनीची मोजदाद करताना व्याख्या आधी ठरवून घ्यावी. जिवंत वा मृत झाडोरा, पाचोळा, दगड-खडी आणि डोळ्यांना दिसणारे जैविक कवच यांपैकी कशानेही न झाकलेली माती तेवढीच उघडी धरावी. जैविक कवच म्हणजे नीलहरित शैवाल, दगडफूल आणि शेवाळ यांनी बांधलेला मातीचा वरचा थर. शुष्क प्रदेशात तो धुपेला रोखतो आणि पायाखाली सहज चुरडतो, त्यामुळे पाहणी करणाऱ्यांनी पावलेही जपून टाकावीत. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने बनणारी गुळगुळीत भौतिक खपली याहून वेगळी असून ती पाणी मुरू देत नाही.

यानंतर ठोंबाखाली एक आणि दोन ठोंबांमधल्या मोकळ्या जागेत एक असे सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खोलीचे खड्डे घ्यावेत. मोकळ्या जागेतील माती फिकट, कणसमूह नसलेली आणि कडक निघाली व ठोंबाखाली ती गडद आणि भुसभुशीत असली, तर वरचा सुपीक थर किती गेला याचा अंदाज येतो. मुळे खाली जाता जाता एकाएकी आडवी वळलेली दिसली आणि माती पत्र्यासारख्या थरांत फुटली, तर तेथे तुडवणीने किंवा वाहनांनी घट्ट झालेला थर आहे. सळई खुपसून हे तपासायचे असेल तर माती ओलसर असावी. कोरड्या चिकण मातीत सळई सगळीकडेच अडते.

मग वनस्पती

झाडोरा पाहताना जातींची लांबलचक यादी करण्यापेक्षा गट पाहावेत: खोल मुळांची बहुवर्षायू गवते, बुटकी गवते, वर्षायू वनस्पती, रुंद पानांच्या वनस्पती, झुडपे आणि झाडे. संदर्भजागेत वरचढ असलेला गट येथे दुय्यम झाला आहे का, एखादा गट पार नाहीसा झाला आहे का, हा खरा प्रश्न आहे. चराईत आधी घटणाऱ्या, चराईने वाढणाऱ्या आणि बाहेरून शिरणाऱ्या जाती असे वर्गीकरण अमेरिकी कुरणतज्ज्ञ डिक्स्टरहाइस यांनी १९४९ मध्ये मांडले, ते आजही उपयोगी पडते. पण कुरण नेहमी एकाच सरळ वाटेने बिघडते आणि त्याच वाटेने सुधारते हे गृहीतक मागे पडले आहे. चराई थांबवली तरी झुडपांनी व्यापलेले कुरण आपोआप गवताळ होत नाही. आक्रमक जातींच्या बाबतीत त्या किती पसरल्या आहेत हे तर लिहावेच, पण त्या व्यवस्थेचा ताल बदलत आहेत का हेही नोंदवावे. अमेरिकेच्या पश्चिम भागात चीटग्रास हे वर्षायू गवत लवकर वाळून वणव्यांची वारंवारता वाढवते आणि बहुवर्षायू वनस्पतींना सावरायला वेळच मिळत नाही.

ठोंबांचा जोम पाहताना मधला भाग मेलेला आहे का, नवे फुटवे आहेत का, बीजतुरे येत आहेत का, हे तपासावे. दुष्काळी वर्षात बीजतुरे नसणे स्वाभाविक आहे. वार्षिक उत्पादनाचा अंदाजही त्या वर्षीच्या पावसाशी ताडूनच करावा.

आकड्यांचा आधार

नजरेच्या अंदाजाला मोजमापाची जोड हवी. ५० मीटरची टेप जमिनीवर ताणून ठरावीक अंतरांवर बारीक सळई सरळ खाली सोडावी आणि तिला प्रथम काय लागले, मध्ये काय लागले व शेवटी जमिनीवर काय आहे, ते लिहावे. १०० बिंदू घेतले की टक्केवारी आपसूक निघते. त्याच टेपवर झाडोऱ्यांमधील २० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या मोकळ्या जागांची लांबी मोजावी. हे दुसरे मोजमाप अनेकजण वगळतात आणि ते योग्य नाही, कारण उघडी जमीन सारखीच असलेल्या दोन कुरणांपैकी एकात ती लहान लहान तुकड्यांत विखुरलेली आणि दुसऱ्यात सलग असू शकते, आणि वारा व पाणी यांना वाव मिळतो तो दुसऱ्यात.

मातीच्या कणसमूहांची मजबुती तपासण्यासाठी ६ ते ८ मिलिमीटरचे कोरडे ढेकूळ १.५ मिलिमीटरच्या चाळणीत ठेवून शुद्ध पाण्यात बुडवावे. पाच सेकंदांतच अर्ध्याहून अधिक विरघळले तर माती सर्वांत दुर्बल, वर्ग १. पाच मिनिटे भिजवून पाच वेळा वरखाली केल्यावरही तीन चतुर्थांश भाग टिकला तर सर्वांत मजबूत, वर्ग ६.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक निर्देशक संदर्भापासून किती दूर गेला आहे हे पाच पायऱ्यांत नोंदवतात: नाही ते किंचित, किंचित ते मध्यम, मध्यम, मध्यम ते तीव्र, तीव्र ते संपूर्ण. प्रत्येक पायरीपुढे ती का निवडली हे एका वाक्यात लिहावे. दोन-तीन जणांनी आधी स्वतंत्रपणे नोंदी करून मग चर्चा केली तर मतभेदांतूनच संदर्भवर्णनातील संदिग्धता बाहेर येते. नंतर पुराव्याचा एकूण कल पाहून माती, पाणी आणि जीवसमूह या तिन्हींचा स्वतंत्र निर्णय द्यावा. तिघांची सरासरी काढू नये: माती शाबूत असून जीवसमूह ढासळला असेल तर उपाययोजना एक असते, मातीच वाहून जात असेल तर अगदी वेगळी.

अशा एका पाहणीवरून ऱ्हासाचे कारण सिद्ध होत नाही, आणि स्थिती सुधारत आहे की बिघडत आहे हेही कळत नाही. त्यासाठी टेपची दोन्ही टोके कायमच्या खुंट्यांनी पक्की करावीत, त्यांची स्थाननिश्चिती नोंदवावी, ठरलेल्या बिंदूवरून ठरलेल्या दिशेने छायाचित्रे घ्यावीत आणि पुढील मोजमापे हंगामाच्या त्याच टप्प्यावर, त्या वर्षीचा पाऊस आणि चराईच्या नोंदी यांसह करावीत.