हिमवर्षावाचा अंदाज आणि त्यानंतरचे वितळणे: नव्याने आलेल्यांसाठी

बर्फाच्या प्रदेशात पहिल्यांदाच हिवाळा काढणाऱ्याला थोड्याच दिवसांत हवामानाच्या हौशी अभ्यासकांची ओळख होते. ही मंडळी दहा दिवस आधीपासून नकाशे उघडून बसतात, हवामानाचे गणित संगणकावर करणाऱ्या मॉडेलचा नवा रन, म्हणजे नवी फेरी, आली की रात्री उठून पाहतात आणि आपल्या भागात किती सेंटिमीटर बर्फ पडेल यावर हिरिरीने बोलतात. त्यांचे म्हणणे अवश्य ऐकावे, कारण वाऱ्याची आणि थंडीची चाल त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ चांगली कळते; मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना बर्फ मनापासून हवा असतो, हे ऐकताना विसरू नये. त्यामुळे बर्फ पडण्याची चर्चा आठवडाभर रंगते आणि तो वितळू लागेल तेव्हा काय होईल हा विषय शेवटच्या वाक्यात उरकला जातो. इथे बरेच हिवाळे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की नव्याने आलेल्याने नेमके उलट करावे: किती बर्फ पडणार हा आकडा थोडा सैल धरावा आणि तो कधी, कशामुळे व किती वेगाने वितळणार याकडे अधिक बारकाईने पाहावे.

आधी अंदाजाविषयी. आपल्याला जे नकाशे दाखवले जातात ते मुख्यतः दोन ठिकाणांहून आलेले असतात. एक अमेरिकेचे जीएफएस हे मॉडेल, जे दिवसातून चार वेळा चालवले जाते. दुसरे 1975 साली स्थापन झालेल्या युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचे मॉडेल, ज्याला हौशी मंडळी नुसते ‘युरोपियन’ म्हणतात. कोणत्याही एका रनमध्ये नवव्या दिवशी भरपूर बर्फ दाखवणारा जांभळ्या रंगाचा पट्टा आपल्या गावावरून गेलेला दिसला, तरी त्या दिवसाची रजा टाकू नये. वातावरणाची सुरुवातीची स्थिती पूर्ण अचूक मोजता येत नाही आणि तिच्यातला किरकोळ फरक आठवडाभरात मोठा होत जातो, म्हणून तेच मॉडेल सुरुवातीच्या किंचित वेगळ्या स्थितींपासून पुन्हा पुन्हा चालवतात. या संचाला एन्सेम्बल म्हणतात, आणि युरोपीय केंद्राच्या संचात असे पन्नास बदललेले रन असतात. पन्नासांपैकी सात-आठ रन बर्फ दाखवत असतील तर ती केवळ शक्यता आहे. तीस-पस्तीस दाखवत असतील आणि तेच चित्र पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत टिकून राहिले तर घरात तयारी सुरू करावी. ढोबळमानाने पाच दिवसांपूर्वी ‘काहीतरी येत आहे’ एवढेच मानावे, तीन दिवसांपूर्वी ते कोणत्या दिशेने येत आहे ते पाहावे, आणि आकड्यावर शेवटच्या दोन दिवसांतच विचार करावा.

शेवटच्या दिवशीही आकडा फसू शकतो, आणि तो बहुधा कडेला फसतो. जानेवारी 2015 च्या अखेरीस न्यूयॉर्क शहराला साधारण दोन फूट बर्फाचा अंदाज दिला गेला होता, भुयारी रेल्वेदेखील बंद ठेवण्यात आली होती. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये सुमारे 25 सेंटिमीटर बर्फ मोजला गेला, तर पूर्वेकडच्या लाँग आयलंडवर 60 सेंटिमीटरच्या आसपास साचला. वादळ खोटे नव्हते, त्याची पश्चिमेकडची कड थोडी सरकली एवढेच. म्हणून नकाशावर आपले गाव कोणत्या रंगात आहे हे पाहण्यापेक्षा रंग बदलण्याची रेषा आपल्यापासून किती अंतरावर आहे ते पाहणे शहाणपणाचे आहे. ती रेषा पन्नास किलोमीटरच्या आत असेल, तर सांगितलेला आकडा निम्मा किंवा दुप्पटही होऊ शकतो असे धरून चालावे.

पाऊस आणि बर्फ यांच्यातली सीमा ही तर याहून नाजूक गोष्ट आहे. हिवाळ्यातला बराचसा पाऊस वर ढगात बर्फ म्हणूनच जन्मतो आणि खाली येताना उबदार थरात वितळतो. जिथे हवेचे तापमान शून्य असते त्या उंचीच्या खाली साधारण दोनशे-तीनशे मीटरपर्यंत हिमकण तग धरतात, त्यामुळे टेकडीवर पांढरे आणि पायथ्याशी चिखल असे दृश्य नेहमीचेच आहे. नवागत फक्त तापमान पाहतो आणि ‘तीन अंश आहे, म्हणजे पाऊसच’ असे ठरवतो. त्याच्या जोडीला दवबिंदू पाहावा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान; तो जितका खाली तितकी हवा कोरडी. तापमान 3 अंश आणि दवबिंदू 2 अंश असेल तर पाऊसच पडेल. परंतु तापमान तेच 3 अंश असून दवबिंदू उणे 4 असेल, तर पडणाऱ्या थेंबांचे कोरड्या हवेत बाष्पीभवन होऊन हवा शून्याच्या आसपास थंड होते आणि अर्ध्या-एका तासात पावसाचा बर्फ होऊ शकतो. हौशी लोक ‘साडेआठशे’ म्हणतात ते 850 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचे, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचे तापमान असते. तो आकडा उपयोगी आहे, पण एकट्याने पुरेसा नाही.

या थरांच्या रचनेत एक प्रकार असा आहे की ज्याची कोणी हौसेने वाट पाहू नये. वर उबदार थर आणि जमिनीलगत शून्याखालचा पातळ थर असेल, तर वितळलेला थेंब खाली येताना पुन्हा बर्फ होत नाही, तो झाडावर, तारेवर किंवा पायरीवर आदळताच गोठतो. जानेवारी 1998 मध्ये कॅनडातील क्वीबेक व ओंटारियो आणि लगतच्या अमेरिकी राज्यांत अशा गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरे वाकवले आणि लाखो लोकांना भर थंडीत विजेवाचून राहावे लागले. अंदाजात ‘गोठणारा पाऊस’ हे शब्द दिसले की सेंटिमीटरांचा विचार सोडून द्यावा आणि वीज गेली तर घर उबदार कसे ठेवायचे याचा विचार करावा. अशा वेळी जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये लावू नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

आता पडलेल्या बर्फाबद्दल. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे दहा सेंटिमीटर बर्फ हा हिशेब सर्वत्र सांगितला जातो, आणि तो फक्त सरासरी म्हणून ठीक आहे. ढगात उणे 15 अंशांच्या आसपास हिमकण फांद्याफांद्यांचे आणि मोठे वाढतात. असा कोरडा, भुसभुशीत बर्फ त्याच पाण्यात वीस सेंटिमीटरपर्यंत साचतो, तर शून्याजवळ पडणारा ओला बर्फ पाच-सहा सेंटिमीटरच भरतो. फावडे मारताना फरक लगेच कळतो. मोजायचे असल्यास उघड्या जागी, भिंतीपासून दूर, पांढरी रंगवलेली सपाट फळी ठेवावी आणि तिच्यावर पट्टी उभी धरावी. गवतावर मोजलेला बर्फ नेहमी जास्त भरतो. खरा उपयोगाचा आकडा मात्र वेगळाच आहे. सरळ उभ्या कडांचा डबा बर्फात जमिनीपर्यंत दाबावा, आत आलेला बर्फ घरात नेऊन वितळू द्यावा आणि त्याच डब्यात पाणी किती सेंटिमीटर उभे राहिले ते पाहावे. प्रत्येक सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला दहा किलो वजन. शंभर चौरस मीटरच्या छतावर आठ सेंटिमीटर पाणी बर्फाच्या रूपात साचले असेल, तर छताने आठ टन भार पेललेला असतो. वितळण्याच्या दिवशी तेवढेच पाणी आपल्या अंगणातून कुठेतरी जाणार असते.

वितळण्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की ऊन पडले की बर्फ जातो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो, त्यामुळे थंड आणि लख्ख दिवशी तो फारसा हलत नाही. बर्फ झपाट्याने खातो तो दमट, उबदार वारा. हवेचा दवबिंदू शून्याच्या वर गेला की हवेतल्या वाफेचे बर्फाच्या पृष्ठभागावर पाणी होते, आणि असे होताना ती वाफ प्रत्येक किलोमागे सुमारे 2500 किलोज्यूल उष्णता सोडते. एक किलो बर्फ वितळायला मात्र 334 किलोज्यूल पुरतात. म्हणजे एक किलो वाफ सात किलोंहून अधिक बर्फ वितळवू शकते. म्हणूनच ढगाळ, धुकट, वारा सुटलेली सात-आठ अंशांची रात्र ही पाच अंशांच्या लख्ख दुपारपेक्षा कितीतरी अधिक बर्फ नेते. पावसाचे तर उलटेच आहे. पाच अंशांचा दहा मिलिमीटर पाऊस स्वतःच्या उष्णतेने जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवतो. त्याचा धोका तो स्वतःचे पाणी आधीच्या पाण्यात मिळवतो यात आहे. अंदाजात तापमानाची रेघ वर चढताना दिसली, की तिच्याखालची दवबिंदूची रेघ आणि वाऱ्याचा वेग अवश्य पाहावा. तिन्ही एकत्र चढत असतील तर तो खरा वितळण्याचा दिवस.

आणखी एक गोष्ट नवागताला फसवते. पहिल्या उबदार दिवशी बर्फाची उंची निम्मी झालेली दिसते आणि गटारात पाणी मात्र फारसे येत नाही, तेव्हा वाटते की सगळे निभावले. तो बर्फ नुसता खाली बसलेला असतो. वरचे वितळलेले पाणी आत झिरपते, तिथल्या थंडीने पुन्हा गोठते, संपूर्ण थर हळूहळू शून्य अंशावर येतो आणि पाण्याने तुडुंब होतो. त्यानंतर वरून येणारा प्रत्येक थेंब थेट खालून बाहेर पडतो. जानेवारी 1996 मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात मोठा हिमवर्षाव झाला, आणि दोन आठवड्यांच्या आत दमट वारा व पाऊस एकदम आल्याने तो बर्फ वितळून पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीला मोठा पूर आला. मार्च 1947 मध्ये इंग्लंडमध्ये दीर्घ हिवाळ्यानंतर बर्फ वितळला तेव्हा खालची जमीन गोठलेली होती, पाणी तिच्यात मुरेना आणि नद्या पात्राबाहेर आल्या. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांवर ईरी सरोवरावरून आलेल्या ढगांच्या अरुंद पट्ट्याने दीड मीटरहून अधिक बर्फ टाकला, तर उत्तरेला थोड्याच किलोमीटरांवर बोटभर पडला. आणि आठवडा संपतो न संपतो तोच तापमान चढून तिथे पुराचे इशारे द्यावे लागले.

त्यामुळे बर्फ पडून गेल्यावर, वितळण्याच्या आदल्या दिवशीच, कामाला लागावे. भिंतीला टेकलेला बर्फ मीटर-दीड मीटर दूर ओढावा, विशेषतः तळघराच्या खिडक्यांजवळचा. घरासमोरच्या रस्त्यावरची गटाराची जाळी कुठे आहे हे बर्फ पडण्याआधीच लक्षात ठेवलेले असेल तर उत्तम. ती मोकळी करून तिच्याकडे फावड्याच्या रुंदीची वाट काढावी. पन्हळीतून खाली येणाऱ्या नळाचे तोंड बर्फात गाडलेले नाही ना ते पाहावे. वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळके पाहायला छान दिसतात, पण बहुधा त्यांचा अर्थ असा की छतातून उष्णता बाहेर पडते आहे, वरचा बर्फ वितळून कडेला गोठतो आहे, आणि त्या बांधामागे अडलेले पाणी कौलांखालून आत शिरू शकते. अशा वेळी शिडी लावून कुऱ्हाडीने बर्फ फोडण्याचा पराक्रम करू नये. लांब दांड्याचे छतासाठीचे खोरे जमिनीवर उभे राहून वापरावे, आणि छप्पर सपाट किंवा जुने असेल तर जाणकाराला बोलवावे. गाडी बर्फात गाडलेली असेल तर इंजिन सुरू करण्याआधी धूर सोडणारी मागची नळी मोकळी करावी.

वितळण्याच्या पहिल्या संध्याकाळी आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, तर रस्ता रात्री पुन्हा गोठणार असे समजावे, मग अंदाजात किमान तापमान 1 किंवा 2 अंश असले तरी. तो आकडा जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो आणि जमीन त्याहून थंड होते. पाणी साचलेल्या जागा अंधार पडण्यापूर्वी झाडूने कोरड्या कराव्यात, कारण सकाळी तिथे डांबरासारखाच दिसणारा पातळ बर्फ असतो, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. मीठ टाकायचे ते आधी आणि थोडे. साधे मीठ उणे 9-10 अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड वापरतात. त्याहून थंडी असेल किंवा दारात झाडे असतील तर वाळू टाकावी. ती काही वितळवत नाही, पण पाय धरून ठेवते. मात्र बर्फ गेल्यावर ती झाडून गोळा करावी, नाहीतर पुढच्या पाण्याबरोबर ती मोकळ्या केलेल्या त्याच जाळीत जाऊन बसते.